पहिले माप खरे

३ ऑक्टोबर

दुकानातील संगणकाचे काम आजपासून मी माझ्याकडे घेतले आहे. चिरंजीव ‘बाबांना दिलं’ असे सर्वांना सांगत सुटला आहे. ते चूक आहे.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. आमच्या शिवणकामाच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या होत्या, त्यांतील बहुतेक माझ्या हस्ताक्षरात. सूनबाईंनी गेल्या वर्षी त्या सगळ्या संगणकात उतरवल्या. त्यास स्प्रेडशीट म्हणतात. आडव्या ओळी, उभे रकाने; अगदी आमच्या वहीसारखेच, फक्त पान उलटताना बोट ओले करावे लागत नाही. अडचण अशी की एकच गिऱ्हाईक शीटमध्ये पाच-सहा वेळा आले आहे, कारण ते आयुष्यात पाच-सहा वेळा कपडे शिवण्यास आले आणि दर वेळी त्याचे माप घेतले गेले. चिरंजीव म्हणतो, हे डुप्लिकेट काढायला हवेत, एका माणसाची एकच ओळ हवी, नाहीतर टाचणी कापताना भलत्याच ओळीत बघतो. (टाचणी हा आमचा कापणारा कारागीर. पन्नाशीचा गृहस्थ आहे, परंतु अंगावर मांस म्हणून धरले नाही.)

यासाठी चिरंजीव बाहेरून माणूस बोलावणार होता. मी विचारले, त्याचे शिक्षण काय? म्हणाला, पदवीधर आहे. मी म्हणालो, मी चौथी उत्तीर्ण आहे, आणि ती त्या काळची चौथी. त्या माणसास बोलावणे रद्द झाले.

संकल्प: आठ दिवसांत शीट स्वच्छ करणे.

सौ.ची प्रकृती उत्तम. दुपारी दोन घास जेवली. उकाड्याने भूक मरतेच.

५ ऑक्टोबर

सूनबाईंकडे पहिला धडा. त्या म्हणाल्या, नावांचा रकाना निवडायचा, वरची ही कळ दाबायची, की एकाच नावाच्या जादा ओळी आपोआप उडतात. मी विचारले, राहते कोणती? त्या म्हणाल्या, सगळ्यात वरची, पहिली राहते बाबा, म्हणून आधी तारखेने उलटं लावून घ्यायचं, नवीन माप वर आणायचं, आणि मगच कळ दाबायची. विसराल हं.

मी विसरणार नाही. परंतु तसे करणारही नाही.

कारण स्पष्ट आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे पहिले माप मी स्वतः घेतले आहे. माणूस ताठ उभा केला, बोलणे बंद करविले, श्वास सोडावयास लावला, आणि मग टेप लावली. पुढची मापे चिरंजीवाने आणि टाचणीने गप्पा मारत घेतली. चिरंजीव गिऱ्हाइकाचे मन राखण्यासाठी टेपखाली दोन बोटे घालतो. म्हणून कागदावर सगळे गाव जाड झालेले दिसते. वस्तुतः माणसाची चण बदलत नाही. माप घेणाऱ्याची शिस्त सैल होते.

आणि यंत्रही पहिलीच ओळ राखते. यंत्रास ज्येष्ठतेची जाण आहे. दुकानात अन्य कोणास नसली तरी.

६ ऑक्टोबर

डोळे दुखतात. काम नाही.

१० ऑक्टोबर

कळ अद्याप दाबलेली नाही. घाईने केलेल्या कामावर माझा विश्वास नाही. ओळी वाचून पाहतो आहे.

शीटमध्ये सौ.देखील आहे. अकरा ओळी. सर्वांत वरची आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातील, तिच्या निळ्या कोटाच्या वेळची. छाती ३६. मला ते माप घेणे स्पष्ट आठवते. तिला टेपच्या गुदगुल्या होत होत्या, त्यामुळे कंबर तीन वेळा मोजावी लागली. मी तिला सांगितले होते की हे दुकान आहे. त्यावर ती अधिकच हसली.

मधल्या ओळींत ती चाळीसपर्यंत गेली. गेल्या हिवाळ्यात पुन्हा ३६. तेव्हा मला आनंद झाला होता. म्हटले, पाहा, माणूस शेवटी मूळ मापावर येतो. त्यानंतरच्या दोन ओळींतील मापे सूनबाईंनी घेतलेली आहेत. ३३. मग ३१.

हे अशक्य आहे. सूनबाईंची टेप जुनी आहे. टेप वर्षानुवर्षे ओढून ताणली की तिच्यावरचा इंच लांब होतो, आणि मग ती माप कमी दाखवते. धंद्यातील साधी गोष्ट आहे. सूनबाईंना उद्या नवी टेप आणून देणे.

१२ ऑक्टोबर

सौ.ला घेऊन हॉस्पिटल. डॉक्टर तरुण आहेत, आणि तरुण डॉक्टरांना गंभीर चेहरा करण्याची हौस असते. म्हणाले, पुढच्या महिन्यात दाखल करून घेऊ. किती दिवस राहावं लागेल ते आत्ता नाही सांगता येणार. नंतर चिरंजीवास व्हरांड्यात नेऊन पुष्कळ वेळ बोलले. पँट शिवण्यासंबंधी असावे. डॉक्टरांची पँट गुडघ्यात फार ढगळ होती.

येताना चिरंजीव गाडी चालवताना घराचे वळण चुकला. त्यास कामाचा ताण आहे.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, अहो, तिथे फार गार असतं. मला एक कोट शिवा. तुमच्या हातचा. मी म्हणालो, शाल आहे की. ती म्हणाली, शालीत मी गाठोडं दिसते. चार लोकांत जायचंय, मी बाई दिसायला हवी.

ठेवणीतले राखाडी लोकरीचे कापड काढले आहे. बारा वर्षे कोणास विकले नव्हते. दहा वर्षांत तुम्ही कात्री धरली नाही, असे टाचणी म्हणाला. मी त्यास म्हणालो, हात विसरत नसतो.

१६ ऑक्टोबर, सकाळी

कळ दाबली.

एका क्षणात हजारावर ओळी गेल्या! यंत्राने किती गेल्या तो आकडाही अदबीने दाखवला. ज्या कामासाठी पदवीधर येणार होता ते चौथीने केले. एका नावाचे दोन चुलत भाऊ होते, त्यांपैकी एक गेला. पण तसाही तो उधळ्या होता आणि कपडे बाहेर शिवायचा.

सौ.ची एकच ओळ उरली. ३६. पाहून समाधान वाटले.

चिरंजीवाने विचारले, तारखेने लावून घेतलं होतंत ना? मी म्हणालो, सर्व यथायोग्य झाले आहे. हे उत्तर असत्य नाही.

१९ ऑक्टोबर

सौ.च्या कोटाची मांडणी केली. खडूच्या रेषा पूर्वीइतक्याच सरळ आल्या. एक तेवढी वाकडी गेली, परंतु ती पुसून दुसरी काढली.

टाचणी म्हणाला, मास्तर, काकूंचं एकदा माप घेता का आधी? मी म्हणालो, एवढ्या वर्षांच्या सहवासानंतर मला तिच्यासाठी टेप लागत नाही. तो म्हणाला, तसं नाही हो, पण. मी त्यास ‘पण’च्या पुढे जाऊ दिले नाही.

२३ ऑक्टोबर

पोस्टमनचा कोट. टाचणी कापलेले तुकडे घेऊन आला आणि म्हणाला, मास्तर, हे बघा, बाही माझ्या कोपरापर्यंत येते. पोस्टमन एवढा आहे का? मी म्हणालो, शीट सांगते तसे काप. नंतर लक्षात आले की पोस्टमनचे पहिले माप मी त्याच्या वडिलांनी त्यास शाळेत घातले तेव्हा घेतले होते.

अपवाद म्हणून नोंदवितो. अपवादाने नियम मोडत नाही. कापड थोडे वाया गेले.

२६ ऑक्टोबर, दुपारी

दंतवैद्य नवी पँट ट्रायल करण्यास आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी पडद्याआडून आवाज आला, मास्तर, ही माझी आहे की माझ्या मुलाची? मी म्हणालो, आपलीच, आपण कॉलेजात होता तेव्हाच्या मापाची. ते म्हणाले, अहो, कॉलेजात मी एक वेळ जेवायचो!

पडद्याआडून नंतर उसवल्याचा आवाज आला.

दंतवैद्य खाणाऱ्यांचेच दात बघतात. स्वतः खाण्यावर ताबा ठेवावयास हवा होता. चिरंजीव मध्ये पडला, क्षमा मागितली, पँट फुकट शिवून देतो म्हणाला. माझा सल्ला कोणी विचारला नाही.

२७ ऑक्टोबर

चिरंजीव खूप बोलला. लिहिण्यासारखे थोडेच. बाबा, लोक म्हातारे होतात, जाड होतात, बारीक होतात, आपल्याला आत्ताचं माप हवं असतं, तुम्ही सगळ्यांना पंचवीस वर्षांचं करून ठेवलंत. असे म्हणाला.

ते वाईट आहे काय, असे मी विचारले. तो एकदम आवाज खाली आणून म्हणाला, नाही बाबा, वाईट नाही. आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. बाहेर गिऱ्हाईक कोणी नव्हते.

सूनबाईंनी हळूच सांगितले की कळ दाबायच्या आधीची प्रत त्यांनी वेगळी सेव्ह करून ठेवली होती. सगळं परत आणलंय, काळजी करू नका. म्हणजे पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. काम माझ्याकडून काढून घेतले आहे. वस्तुतः मीच सोडले, सौ.च्या कोटामुळे मला वेळ नाही.

३० ऑक्टोबर

थंडी सुरू झाली. सौ.चे जेवण कमी. थंडीने भूक मरतेच.

२ नोव्हेंबर

सूनबाईंनी नव्या टेपने सौ.चे माप घेतले. मी सांगितले नव्हते. शीटमध्ये लिहिण्यापूर्वी मला येऊन सांगितले. साडेएकोणतीस.

नवी टेपही सदोष निघाली. हल्ली मालच तसा येतो. दुकानात कोणी नसताना ती कापणीच्या टेबलावरील लोखंडी पट्टीवर ठेवून पाहिली. केसाचाही फरक नाही.

पट्टी जुनी आहे. गंजली असण्याची शक्यता आहे.

५ नोव्हेंबर

अस्तर लावले. बटणांची काजे हाताने केली. टाचणी मशीनवर करून देतो म्हणाला. मी नकार दिला. एका काजास अर्धा दिवस. पूर्वी इतका लागत नसे. दोरा हल्ली सुईत सहजी जात नाही; दोऱ्याचा दर्जाही घसरला आहे.

८ नोव्हेंबर

कोट पूर्ण झाला. इस्त्री करून स्वतः घरी नेला. सौ. खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. सूनबाईंनी तिला उठवून उभे केले आणि मी मागून कोट घातला, जसा गिऱ्हाइकास घालतात तसा.

खांद्याची शिवण खांद्यावर राहिली नाही. दंडावर उतरली. बाह्यांतून बोटांची फक्त टोके दिसत होती. पुढची बटणे लावली तरी आत हात फिरेल इतकी जागा. मी म्हणालो, लोकर आहे, पहिल्यांदा अशीच वाटते.

सौ.ने आरशात पाहिले. मग म्हणाली, अहो, यात मी आणि अजून एक जण मावेल. कोणाला आणताय?

सूनबाई हसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी म्हणालो, बाजूने थोडे धरले की झाले, कोटात काही चूक नाही. सौ. म्हणाली, कोटात नाहीच चूक. तेव्हाचा निळा असाच बसायचा मला, अगदी असाच. खरं सांगू का, घातल्यावर क्षणभर बरं वाटलं. मग खुर्चीत बसली आणि कोट अंगात तसाच ठेवून म्हणाली, आता माझं माप घ्या.

मी म्हणालो की प्रकाश कमी आहे, उद्या घेऊ. दुपारचे तीन वाजले होते.

ती म्हणाली, घ्या हो. आता गुदगुल्या होत नाहीत. एकदाच मोजावं लागेल.

९ नोव्हेंबर

माप घेतले. तिला ताठ उभे राहा म्हणालो नाही. श्वास सोड म्हणालो नाही. टेप दोन्ही टोकांनी धरून पाठीमागून पुढे आणली. एका हाताने तिला धरावे लागले, म्हणून आकडा नीट दिसेना. तीच वाचून म्हणाली, एकोणतीस. लिहा.

टेप दोषी नाही.

पट्टीही गंजलेली नाही.

दुकानात जाऊन शीट उघडली. सूनबाईंनी परत आणलेल्या अकरा ओळी आणि गेल्या आठवड्यातील बारावी. त्यांच्या खाली तेरावी मी स्वतः टाइप केली. चिरंजीव शेजारी उभा होता. म्हणाला, बाबा, आईच्या ओळींचं काय करायचं, एकच ठेवायची का? मी म्हणालो, सर्व राहू देत. त्याने मान हलवली. आम्ही दोघे त्या ओळींकडे पाहत बसलो. तो म्हणाला, ही चाळीसची कधीची हो? मी म्हणालो, तुझ्या जन्मानंतरची. तेव्हा तिला कोणताच कपडा होत नसे आणि ती तुला दोष देत असे.

१२ नोव्हेंबर

कोट उसवला आणि नव्या मापाने परत शिवला. टाचणी मदतीस बसला. जादा कापड मात्र मी कापले नाही. दोन्ही कुशींच्या शिवणीत, खांद्यांत आणि बाह्यांत आत दाबून ठेवले आहे, पट्टीवर पट्टी. टाचणी म्हणाला, मास्तर, एवढं कशाला आत? मी सांगितले, उपचार झाले, वजन भरले, की उसवून सोडता येईल. चांगला कारागीर पुढचा विचार करून शिवतो. त्याने मान खाली घालून दोरा ओवला. मला सुई दिली.

बाहेरून पाहणाऱ्यास कोट निर्दोष वाटेल. सौ.च्या अंगावर अचूक बसला. खांदा खांद्यावर. ती म्हणाली, आता बाई दिसते.

१३ नोव्हेंबर

सौ. म्हणाली की कोट जरा जड वाटतो, आणि टेकून बसलं की कुशीत काहीतरी बोचतं. मी म्हणालो, लोकर जडच असते. सवय होईल.

१५ नोव्हेंबर, सकाळी

आज हॉस्पिटलात न्यायचे होते. चिरंजीव गाडी आणावयास गेला. सौ. तयार होऊन खुर्चीत बसली होती, पण कोट अंगात नव्हता. मांडीवर घडी घालून ठेवला होता आणि खांद्यावर शाल घेतली होती.

मी विचारले, हे काय? ती म्हणाली, रागावू नका. फार सुंदर शिवलाय. पण मला तो पेलत नाही. हाडांना लागतो. राहू दे, घरी ठेवा, आल्यावर घालीन.

मी कोट उचलला. हाताने तोलून पाहिला. इतके कापड मी आत भरून ठेवले होते की कोटात दुसरा अर्धा कोट होता.

टाचणी सामान उचलण्यास आला होता. त्यास कात्री आणावयास सांगितली. तिच्यासमोरच टेबलाशी बसलो. अस्तर उसवले आणि आतल्या पट्ट्या शिवणीला लागून कापल्या. दोन्ही कुशी, दोन्ही खांदे, दोन्ही बाह्या. कात्री वाकडी गेली नाही. अस्तर परत टाचले.

आता तो कोट कधीही सैल करता येणार नाही. जेवढे माप आहे तेवढाच आहे.

तिने घातला. उभी राहिली, कोणी न धरता, दारापर्यंत गेली. म्हणाली, हं, आता हलका झाला.

खाली पट्ट्यांचा ढीग पडला होता. चांगले राखाडी कापड, बारा वर्षे जपलेले. टाचणीने गोळा करून विचारले, मास्तर, हे जपून ठेवू?

मी नको म्हणालो.